तांबडीचा चढता भाव

रविवारी दुपारी माझ्या खानावळीत जेवायला येणाऱ्यांना उठायची घाई नसे. आठवडाभर कोर्टातले, बँकेतले, एस.टी.तले लोक जेवले की हात धुऊन निघून जायचे. रविवारी मासे असायचे, आणि मासे संपले तरी गप्पा संपायच्या नाहीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. छोटी मारुती आमच्या रस्त्यांवर नुकती दिसू लागली होती. त्या सुमारास खिडकीजवळच्या टेबलावर दर रविवारी तिघे जण बसू लागले. त्यांचा विषय एकच, पळणाऱ्या गाड्या. दोन दारांच्या, दोन माणसांच्या, जमिनीला टेकल्यासारख्या दिसणाऱ्या विलायती गाड्या. रत्नागिरीत अशी एकही गाडी नव्हती. त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

तिघांपैकी एक दातांचे डॉक्टर. ते मुंबईहून इंग्रजी मासिकं मागवायचे, आणि कुठली गाडी उभ्या जागेवरून किती सेकंदांत साठ मैलांचा वेग घेते हे त्यांना पाठ होतं. दुसरे वकील. त्यांना आकडे पटत नसत. गाडी वळणावर कशी बसते, इंजिनाचा आवाज कसा लागतो, यावर ते बोलायचे आणि बोलताना सोलकढीची वाटी दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखी धरायचे. तिसरा माझा धाकटा भाऊ. आखातातल्या एका कंपनीच्या गॅरेजात काही वर्षं काढून तो परत आला होता. साहेब लोकांच्या अशा गाड्या त्याने उघडल्या होत्या, जोडल्या होत्या आणि जोडल्यावर वाळवंटातल्या सरळ रस्त्यांवर पळवून पाहिल्या होत्या. त्यामुळे वाद फार वाढला की ते दोघे निवाड्यासाठी त्याच्याकडे बघायचे. त्याला ते आवडायचं. इतकी शिकलेली माणसं आपल्याला विचारतात, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

तो परत जाणार नव्हता, असं घरात ठरलं होतं. एस.टी. स्टँडजवळ एक गाळा घ्यायचा, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचं, मागे छोटीशी दुरुस्ती. साठवलेले पैसे त्यासाठीच होते आणि तेवढेच होते. माझ्या भावजयीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या मुलाच्या वेळी नवरा परदेशात होता, पोराची मुंज करायची वेळ आली तेव्हा कुठे तो घरी राहायला आला. हे बाळ तरी बापाच्या समोर वाढावं, एवढं तिचं म्हणणं होतं. ते ती माझ्यापाशी बोलायची, त्याच्यापाशी नाही.

मग एका रविवारी एक चिरेखाणींचा मालक तांबडी गाडी घेऊन माझ्या खळ्यात, पुढच्या अंगणात आला.

हा माणूस अधूनमधून जेवायला यायचा. जांभ्याच्या खाणीतून रोज लाल धूळ उडते आणि हा मात्र पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मला पहिल्यापासूनच तो माणूस पटला नव्हता. गाडी मात्र देखणी होती, ते मी नाकारत नाही. कपाळ लांब, मागचा भाग आखूड, वर कापडाचं छप्पर. खिडकीजवळचे तिघे भाकरी टाकून बाहेर धावले. वकिलांनी तिच्या पुढच्या भागावरून हात फिरवला तसा मी कोणाला सोन्यावरूनही फिरवताना पाहिलेला नाही.

गाडी विकायची आहे, असं खाणवाल्याने सांगितलं. कोल्हापूरकडच्या एका संस्थानी घराण्याची, बंगल्याच्या आवारात झाकून ठेवलेली, खारं वारं तिला कधी लागलेलं नाही. किनाऱ्यावर लोखंड किती लवकर खातं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घराच्या खिडकीचे गज दर दोन पावसाळ्यांनी बदलावे लागत. त्यामुळे देशावरची कोरडी गाडी म्हटल्यावर तिघांच्याही डोळ्यांत चमक आली. किंमत त्याने हळूच सांगितली. एका चांगल्या जुन्या फियाटची असते तेवढी. भाऊ माझ्याकडे बघून हसला.

पुढच्या रविवारी त्यांनी तांबडी निवळीच्या घाटात नेली. गाडीत दोनच माणसं मावत, म्हणून भाऊ चालवायला आणि शेजारी एकदा डॉक्टर, एकदा वकील. परत आले ते वाद घालतच. डॉक्टरांचं म्हणणं, गाडीत दम नाही. मासिकात लिहिलंय त्याच्या निम्म्यानेही उचल घेत नाही, तिसऱ्या गिअरवर चढ सोडते, स्टिअरिंग जड, ब्रेक उशिरा लागतो. वकील भडकले. मासिकवाल्यांनी निवळीचा घाट पाहिलाय का, असं त्यांनी विचारलं. अशी गाडी आकड्यांसाठी घेत नाहीत, तिचा आवाज ऐकलात ना. भाऊ म्हणाला, दोन कार्ब्युरेटर आहेत आणि दोघांचा मेळ बसलेला नाही, एका दुपारचं काम आहे. मेळ बसवला तर हीच गाडी डॉक्टरांच्या मासिकाला खोटं पाडेल.

खाणवाला हे सगळं ऐकत सुरमईचे काटे काढत बसला होता. जेवण झाल्यावर तो म्हणाला की मुंबईच्या एका माणसाने गाडी बघितली आहे आणि तो जास्त द्यायला तयार आहे. त्यामुळे किंमत आता फियाट आणि वर एक स्कूटर.

मुंबईचा माणूस कोण, असं मी ताट उचलता उचलता विचारलं. सिनेमातला आहे, नाव फोडता येत नाही, असं उत्तर मिळालं. मी खानावळ चालवते. उधारीवर जेवणाऱ्या कित्येकांचा एक मुंबईचा माणूस असतो आणि तो पुढच्या आठवड्यात पैसे घेऊन येणार असतो. मला त्या माणसाचा संशय तेव्हाच आला.

त्यानंतर दर रविवारी असंच चालू राहिलं. वाद व्हायचा आणि वादानंतर किंमत वाढायची. वकिलांनी एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की खाणवाला ती गोष्ट लक्षात ठेवी आणि पुढच्या खेपेला तिचे पैसे मागे. वकील म्हणाले, अशी तारांची चाकं आता बनत नाहीत. चाकांपायी किंमत चढली. भाऊ म्हणाला, इंजिन मूळचंच आहे, बदललेलं नाही. त्यापायी चढली. डॉक्टर एकटे खोट काढायचे. वयस्क गाडी आहे, सुटे भाग कुठून आणणार, आमच्या रस्त्यांवर हिचं पोट घासणार. त्यांचं बोलणं मला शहाणपणाचं वाटायचं आणि मी त्यांना माशाचा मोठा तुकडा वाढायची. वकिलांचा मात्र मला संशय येऊ लागला. इतकी स्तुती फुकट कोण करतो? खाणवाल्याकडून यांना काहीतरी मिळत असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. कोणाशी बोलतात, खाणवाल्याबरोबर बाहेर पडतात का. काही सापडलं नाही, पण माझा संशय गेला नाही.

घरी भावजय किमतीचा हिशेब तिच्या पद्धतीने ठेवत होती. एका रविवारी ती म्हणाली, दुकानाची शेल्फं गेली. पुढच्या रविवारी शटर गेलं. मग मागची दुरुस्तीची जागा गेली. म्हणजे भाऊ गाडी घेणार हे तिने धरूनच टाकलं होतं. मी तिला म्हटलं, अगो, तो नुसता बोलतोय. तिने मान हलवली. आखातात माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाचा निरोप आला होता, असं तिने सांगितलं. नवीन करार आहे, दोन वर्षांचा, येतोस का म्हणून. त्याने नाही म्हटलेलं नाही.

"वन्सं, गाडी घेतील आणि ती फेडायला परत जातील," ती म्हणाली. "गाडी इथे राहील. मी तिच्याकडे बघत बसायचं."

दुसऱ्या दिवशी मी भावाला गाठून विचारलं. तो चिडला नाही. खाणवाल्याकडून तासाभरासाठी तांबडी मागून आणतो, चल, तुला फिरवतो, म्हणाला. त्याला वाटलं मी एकदा बसले की मला पटेल. मी बसले. बसले म्हणजे जवळजवळ आडवी झाले. समोर बघावं तर एस.टी.ची चाकं, रस्त्यावरची माणसं गुडघ्यापासून खाली. तो वेगात होता आणि सुखात होता, एवढं मला त्याच्या तोंडावरून कळलं. आखातातून आल्यापासून त्याचं तोंड असं मी पाहिलं नव्हतं, हेही खरं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. गाडीत अत्तराचा वास भरून राहिला होता. नुसता शिंपडलेला नव्हे, ओतलेला. ऊन लागलं तसा तो डोक्यात चढायला लागला. गाडीला अत्तर कशाला, मी विचारलं. मोठ्या घराण्यातली आहे, तो म्हणाला. त्या अत्तराच्या खाली आणखी काहीतरी वास होता, पण तो मला ओळखता येईना. दिवसभर मासे हाताळणाऱ्या बाईच्या नाकाचं असंच होतं.

त्या पुढच्या रविवारी सुरमई चांगली मिळाली होती. मागील दारी मासे साफ करणाऱ्या बाईने मला हाक मारली आणि म्हणाली की आज मांजरं कुठे गेली. आमच्या आळीतली सगळी मांजरं रविवारी विळीभोवती बसलेली असत. त्यांना हाकलण्यात अर्धी सकाळ जायची. आज डोकी आणि आतडी तशीच पडलेली, आणि एकही मांजर नाही. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी घराला वळसा घालून पुढे आले.

सगळी तांबडीखाली होती. दोन चाकांपाशी अंग घाशीत होती, एक पोटाखाली उताणी पडून वरच्या पत्र्याला चाटत होती. मी खाली बसले, हात आत घातला आणि पत्र्यावरून फिरवला. वर काळा रंग दिलेला होता, पण एका सांध्यात रंग पोचला नव्हता. तिथे बोटांना चिकट, जाड तेल लागलं. वास घेतल्यावर मला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्यांखालून वाकून गेलं की जो वास येतो, तो. मुशी माशाच्या काळजाचं तेल. पावसाळ्याआधी होड्यांच्या लाकडाला ते चोपडतात. मी ताजी मासळी आणायला रोज त्याच होड्यांमधून जात होते.

हात न धुता मी खिडकीच्या टेबलाकडे गेले. चौघेही जेवायला बसले होते. मी खाणवाल्याला विचारलं की गाडी कुठे होती म्हणालात. कोल्हापूरला, संस्थानी बंगल्यात, असं त्याने पुन्हा सांगितलं.

"कोल्हापुरात मुशीचं तेल कुठे मिळतं?" मी विचारलं आणि हात त्याच्या ताटावर धरला.

त्याने हाताकडे पाहिलं, मग वास घेतला. मला वाटलं, संपलं. आता गाडीची लाज निघेल, माझ्या भावाला किळस येईल, एजंटाला नकार जाईल आणि गाळ्याचं शटर परत येईल. खाणवाल्याने पाणी प्यायलं आणि खरं सांगितलं. गाडी कोल्हापूरची होती हे खरंच होतं, पण ती तिथून जुन्या काळीच निघाली होती. मधली सगळी वर्षं ती जयगडला, त्याच्या सासऱ्याच्या होड्यांच्या खोपीत उभी होती. खाडीच्या तोंडावर. होड्या सांभाळणारा म्हातारा दर वर्षी होड्यांना तेल लावायचा, तेव्हा हिलाही लावायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खारात उभी आहे म्हणजे तेल हवं, एवढंच त्याला माहीत.

"म्हणजे दर वर्षी?" वकिलांनी विचारलं.

"दर वर्षी. आत, बाहेर, सांध्यांत. सासरे ओरडायचे त्याच्यावर, गाडीला घाण करतो म्हणून."

भाऊ ताटावरून उठला. हात तसेच. त्याने माझ्या स्वयंपाकघरातली बॅटरी घेतली, मांजरांना बाजूला सारलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. पान्याने पत्रा ठोकल्याचे आवाज आले. आम्ही सगळे खळ्यात उभे. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना ते तेल लागलं होतं आणि तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"ताई, एक ठिपका गंज नाही," तो म्हणाला. "इतक्या वर्षांच्या गाडीचा असा पत्रा मी तिकडेही पाहिलेला नाही."

वकिलांनी तर टाळीच वाजवली. बाकीच्यांच्या गाड्या खालून कुजतात, हिला म्हाताऱ्याने मुरवून ठेवली आहे, असं ते म्हणाले. अख्ख्या देशात अशी दुसरी नसेल. मी म्हटलं, अहो, हा माणूस खोटं बोलला. अत्तर ओतून वास लपवला. त्यावर वकील म्हणाले की खोटं बोलला खरा, पण स्वतःच्याच नुकसानीचं बोलला. आणि खाणवाला, जो घटकेपूर्वी पाणी पीत होता, तो आता रुमालाने तोंड पुसून म्हणाला की मुंबईचा माणूस नेमकं हेच विचारत होता, खालून कशी आहे म्हणून. आता त्याला सांगायला हवं. किंमत अर्थात पूर्वीची राहणार नाही.

राहिली नाही. ताक येईपर्यंत ती दोन फियाटींच्या पुढे गेली होती.

डॉक्टर त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी थोडा भात मागून घेतला आणि खाली मान घालून खाल्ला. मला वाटलं, एकटा शहाणा माणूस या वेड्यांत गप्प बसला आहे.

भाऊ संध्याकाळी माझ्याकडे आला नाही. भावजय आली. तिने सांगितलं की आल्यापासून तो बाकड्यावर बसून आहे. गाळा, शेल्फं, सगळं घातलं तरी आता पुरत नव्हतं. करार केला तरी पैसे येईपर्यंत गाडी थांबणार नव्हती. हे त्याने स्वतःच तिला सांगितलं, आणि मग म्हणाला की जाऊ दे. तिने मला विचारलं की वन्सं, खरंच जाऊ देतील का. मी म्हटलं, उद्या बघू. माझा त्याच्यावरही विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात बाजारात मी तांबडी पाहिली. चालवत होते डॉक्टर. छप्पर उघडं टाकून, काळा चष्मा लावून. मला बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हा माझ्या डोक्यात एकेक रविवार उलटा फिरायला लागला. दम नाही, ब्रेक उशिरा लागतो, पोट घासेल. पहिल्या दिवसापासून त्यांना ती हवी होती आणि पहिल्या दिवसापासून ते तिचा भाव पाडत होते. वकील बिचारे खरोखरच गाडीच्या प्रेमात होते. ज्यांच्यावर मी नजर ठेवली ते चुकीचे, आणि ज्यांना मी मोठे तुकडे वाढले तेही चुकीचे. डॉक्टर पुन्हा माझ्याकडे जेवायला आले नाहीत. माझ्या एका वाक्यामुळे त्यांना किती जास्त मोजावे लागले ते त्यांनाच ठाऊक. मुंबईचा माणूस होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

भावाने एजंटाला नाही म्हणून कळवलं. गाळा घेतला. शटर बसलं त्या दिवशी मी नारळ घेऊन गेले. भावजय पोट सांभाळत खुर्चीवर बसून खोके उघडत होती. भाऊ मला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला आणि दार ओढून घेतलं.

"ताई, एक सांग. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत बोललीस ते कशासाठी?"

मी म्हटलं, तू फसू नयेस म्हणून. त्या माणसाचं खोटं उघडं पडावं म्हणून.

"खोटं उघडं पडलं असतं तर भाव पडला असता," तो म्हणाला. "भाव पडला असता तर मी त्याच दिवशी ती घेतली असती. त्याच दिवशी, उभ्या उभ्या. तुला मी गाडी घेऊ नये असं वाटत होतं. मग भाव पडेल असं तू बोलशील कशी? तेल लागलंय म्हणजे पत्रा चांगला असणार, हे तुला ठाऊक होतं. होड्यांमधून फिरतेस तू रोज. भाव चढवायलाच बोललीस."

हा हिशेब मी त्या दिवशी केलाच नव्हता. तेल पाहिलं, लबाडी कळली, रागाने हात पुढे केला, एवढंच. पण हे त्याला सांगायचं म्हणजे ताईला पुढचं काही दिसलं नाही असं कबूल करायचं, आणि न सांगावं तर ताईने कपटाने गाडी हातची घालवली असं त्याने धरून चालायचं. मी खरं तेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"तू, आणि पुढचं न बघता बोलशील?" तो म्हणाला आणि दार उघडलं.

तो विषय आमच्यात पुढेही निघत राहिला. दर वेळी मी तेच सांगितलं आणि दर वेळी त्याने तसंच हसून मान हलवली. डॉक्टरांची तांबडी वर्षातून दोनदा तरी त्याच्या दुकानापाशी उभी असायची, कारण तिचे दोन कार्ब्युरेटर एका मेळात ठेवणारा माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता. त्या दिवशी तो जेवायला उशिरा यायचा. घाटापर्यंत चालवून बघावी लागते, असं सांगायचा. भावजय त्याचं ताट झाकून ठेवायची आणि धाकटीला भरवत बसायची.